कंदाचा दाखला

पुनर्जन्माचा विषय निघाला की दाखला बहुधा मातीतून येतो. बी पेरले, उगवले, वाढले, सुकले, पुन्हा पेरले. मग माणसाचेच तेवढे वेगळे काय असणार? कठोपनिषदात नचिकेता वडिलांना हेच सांगतो की माणूस धान्यासारखा पिकतो आणि धान्यासारखाच पुन्हा जन्माला येतो. करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पत्रात संत पॉलही पुनरुत्थानासाठी दाण्याकडेच वळतो. पेरलेला दाणा मेल्याखेरीज जिवंत होत नाही, असे त्याचे म्हणणे. एक परंपरा जन्मामागून जन्मांची माळ मानते, दुसरी एकच जन्म आणि एकच उठणे मानते, आणि दोघींचा साक्षीदार एकच. दोन विरुद्ध पक्षांच्या बाजूने बोलणाऱ्या साक्षीदाराची उलटतपासणी व्हायला हवी. धान्यापेक्षा ती डेलिया आणि पिओनी या दोन बागेतल्या झाडांवर अधिक नीट करता येते. त्यांचे सुकणे आणि परतणे दरवर्षी, आपल्यासमोर, त्याच एका बुडख्यावर घडते. आणि मेल्यासारखे दिसणारे झाड परत आल्याचा आनंद ज्याने घेतला आहे, त्याला हा दाखला किती पटकन पटतो हे वेगळे सांगायला नको.

डेलिया मूळची मेक्सिकोच्या डोंगराळ पठारांवरची. तिथे ती पावसाळ्यात वाढते, फुलते, आणि पुढचे कोरडे महिने जमिनीखाली काढते. अठराव्या शतकाच्या अखेरीस ती मेक्सिकोतून माद्रिदच्या राजोद्यानात पोचली आणि १७९१ साली कावानियेस या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला आजचे नाव दिले. युरोपात तिची गाठ अशा हिवाळ्याशी पडली जो तिच्या रक्तात नव्हता. पहिले दंव गोठले की एका रात्रीत तिची पाने काळी पडतात. मग माळी खोड वीतभर ठेवून छाटतो, कंदांचा गड्डा अलगद उपसतो, माती झाडून वाळवतो आणि पीटमध्ये, व्हर्मिक्युलाइटमध्ये किंवा लाकडाच्या भुशात घालून ४ ते १० अंश सेल्सियसच्या तळघरात ठेवतो. हवा फार कोरडी असेल तर कंद सुरकुततो, ओल राहिली तर कुजतो, शून्याखाली गेला तर पेशींतल्या पाण्याचा बर्फ होऊन त्याचा नुसता लगदा उरतो. पुण्या-नाशिकाकडे नेमके उलटे होते. इथे डेलिया पाऊस ओसरल्यावर लावतात, ती डिसेंबर ते फेब्रुवारी फुलते आणि ऊन तापले की माना टाकते. तिचे कंद सावलीत, कोरड्या वाळूत उन्हाळा आणि पावसाळा काढतात. शत्रू प्रत्येक मुलखात निराळा. माघार घेण्याची रीत मात्र तीच.

पिओनीचा स्वभाव याच्या अगदी विरुद्ध. ती उपसायची नसते. उणे ३० अंशांची थंडीही ती जमिनीतच सोसते, आणि सोसते हा शब्दही अपुरा आहे, कारण कित्येक आठवड्यांची कडक थंडी मिळाल्याखेरीज तिचे कोंब नीट जागेच होत नाहीत. कोंब फुटण्याचे तिचे लालसर डोळे मातीखाली जेमतेम ५ सेंटिमीटरवर राहावे लागतात. खोल पुरली तर पाने येतात, फुले येत नाहीत. पिओनीची पश्चिम हिमालयातली एक जात काश्मीर-उत्तराखंडाच्या डोंगरांत रानात फुलते, पण महाराष्ट्राच्या पठारावर तिला हवा तसा हिवाळाच नाही. न्यू जर्सीत किंवा मिनेसोटात घर केलेल्या मराठी माणसाच्या अंगणात मात्र ही दोन्ही झाडे शेजारीशेजारी लागू शकतात: एकाला थंडीपासून वाचवायचे, दुसऱ्याला थंडी द्यायची. आणि वसंतात दोन्ही वर आली की बघणारा म्हणतो, मेलेले परत आले.

यातला 'मेलेले' हा शब्द टिकत नाही. काळी पडलेली पाने मेली हे खरे. पण तळघरातला कंद श्वास घेत असतो, उन्हाळ्यात साठवलेल्या इन्युलिनवर मंदपणे जगत असतो. तो मेला असता तर परत आला नसता, आणि जे कंद खरोखर मरतात ते परत येतही नाहीत. बागेत परतणे हे मरण नसल्याचे लक्षण आहे. हे आपल्याकडे फार पूर्वी एकाने ओळखले होते. बृहदारण्यक उपनिषदात जनकाच्या सभेत सगळे ब्राह्मण गप्प झाल्यावर याज्ञवल्क्य त्यांनाच प्रश्न घालतो. माणूस झाडासारखा आहे, केस म्हणजे पाने, कातडी म्हणजे साल, असे अंग-अंग जुळवत तो पुढे विचारतो: तोडलेले झाड मुळापासून नव्याने वाढते, मृत्यूने तोडलेला माणूस कोणत्या मुळापासून वाढतो? आणि लगेच वाटही बंद करतो: रेतापासून असे म्हणू नका, ते तर जिवंत माणसातून येते, आणि झाड मुळासकट उपटले तर तेही पुन्हा येत नाही. सभेत उत्तर कुणाकडेच नाही. धान्याच्या आणि झाडाच्या उपमेवर विसंबणाऱ्या प्रत्येकाने ही जागा वाचावी, कारण उपमा वापरणाऱ्यानेच ती कुठे तुटते हे इथे दाखवून दिले आहे.

कंद मरत नाही, पण बी तरी मरते ना, असे पॉलच्या बाजूने म्हणता येईल. तेही खरे नाही. मेलेले बी उगवत नाही. त्याहून महत्त्वाचे असे की बियातून येते ते आधीचे झाड नसते. बागेतल्या डेलियात गुणसूत्रांचे दोन नव्हे तर आठ संच असतात, आणि म्हणून तिच्या एका फुलाच्या बियांतून उगवलेली दहा रोपे दहा तऱ्हांची निघतात. आईचा रंग, आईची उंची, पाकळ्यांची आईसारखी ठेवण एकातही येईल याची खात्री नाही. आई मेल्यावरही बी उगवू शकते, पण उगवणारी ती आई नव्हे, लेक. कंदातून येते ते मात्र तेच झाड, तोच रंग, तीच ठेवण. आणि तिथे कुणी मेलेले नसते. पुनर्जन्माच्या उपमेतली गफलत इथे आहे. 'मरणानंतर' हे ती बियाकडून घेते आणि 'तोच' हे कंदाकडून, आणि दोन्ही एका वाक्यात अशी बसवते की सांधा दिसत नाही. बागेत या दोन गोष्टी एकत्र कुठेच सापडत नाहीत.

यावर सर्वांत भक्कम आक्षेप आत्मवाद्याचा आहे. तो म्हणेल, पाने गेली, खोड गेले, तरी झाड तेच राहिले, म्हणजे बदलणाऱ्या वस्त्रांखाली न बदलणारे काही आहे हे तुम्ही कबूलच केलेत. आणि माळ्याला तर ते कुठे आहे हेही ठाऊक असते. उपसलेला गड्डा हातात घेऊन पाहिला तर हा आक्षेप किती वजनदार आहे ते कळते. मधे वाळक्या खोडाचा बुडखा, त्याभोवती बोटाएवढे ते मुठीएवढे कंद, प्रत्येकाची बारीक मान बुडख्याला जोडलेली. कंद म्हणजे फुगलेले मूळ, त्याला स्वतःचा कोंब नाही. कोंब फुटतो तो डोळ्यातून, आणि डोळा असतो मान जिथे बुडख्याला मिळते त्या चिमूटभर जागेत, टाचणीच्या माथ्याएवढा, कधी गुलाबी, कधी कंदाच्याच रंगाचा, सहज न दिसणारा. कापताना तो तुकडा सुटला तर कंद कितीही टपोरा असो, मातीत महिनोन्‌महिने तसाच पडून राहतो आणि शेवटी कुजतो. अन्न एकीकडे, जीव दुसरीकडे! आत्मवाद्याला याहून अनुकूल दृश्य कुठले मिळणार?

पण तोच गड्डा आणखी थोडा वेळ पाहावा. तो डोळा जुना नाही; तो याच हंगामात खोडाच्या तळाशी धरलेला आहे. त्याच्या शेजारचे कंदही याच हंगामातले. गेल्या वर्षी लावलेला मूळ कंद त्यांच्यात असतो, खरखरीत आणि काळवंडलेला, बरेचदा पोकळ झालेला, आणि जाणते माळी पुढच्या लावणीसाठी तो सहसा निवडत नाहीत. म्हणजे ज्याला आपण वर्षानुवर्षांचे तेच झाड म्हणतो त्यातला कुठलाही भाग काही वर्षांपूर्वीचा नसतो. न बदलणारे काही आत दडले आहे आणि बाकीचे त्याभोवती बदलते, असे चित्र इथे दिसत नाही. प्रत्येक भाग पुढच्या भागाला जागा देत जातो, आणि आपण त्या सगळ्या ओळीला एक नाव देतो. इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉक याने १६९४ साली आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत याचीच बाजू मांडली होती: रोपट्याचा वटवृक्षाएवढा ओक झाला तरी तो तोच ओक, कारण द्रव्य बदलले तरी एकच अखंड जगणे त्यातून वाहते. हे मला पटते, पण डेलियासमोर तेही पुरे पडत नाही. गड्ड्याचे पाच तुकडे केले, प्रत्येकात एकेक डोळा राहिला, तर पाचही तुकडे मार्चमध्ये कोंब धरतात. त्या पाचांपैकी कालचे झाड कोणते? पाचही असे म्हणावे तर एकाचे पाच झाले. एकच म्हणावे तर कोणते, हे ठरवायला आधार नाही. आज आत्म्याच्या जागी जनुकांचे नाव घेणाऱ्यांचीही अडचण हीच आहे: पाचांची जनुके एकच आहेत, तरी त्यांतले एक कुजले म्हणून उरलेली चार कुजत नाहीत.

अद्वैती म्हणेल, घट फुटले तरी आकाश एकच. म्हणेना, पण ज्या माणसाला आपला गेलेला माणूस परत येईल का हे विचारायचे आहे, त्याला हे उत्तर लागू पडत नाही, कारण जे पाचांतही आहे आणि शेजारच्या गवतातही आहे, ते त्याचा माणूस म्हणून कधीच गेलेले नव्हते. जैन परंपरेने या ठिकाणी अधिक बारकाईने पाहिले आहे, आणि तिचे हे श्रेय आपण फारसे देत नाही. आचार्य नेमिचंद्रांच्या 'गोम्मटसारा'त साधारण वनस्पतीची, म्हणजे एका शरीरात अनंत जीव वसतात अशा वनस्पतीची लक्षणे दिली आहेत, आणि त्यांत एक लक्षण असे की ती कापल्यावरही उगवते. कंदमुळे वर्ज्य करण्यामागे हाच विचार आहे. कंदाकडे पाहून 'यात एक जीव आहे' हे म्हणणे धोक्याचे आहे, हे त्या आचार्यांनी सुरी चालवण्याच्या अनुभवावरूनच ताडले असावे. त्यांचा निष्कर्ष, म्हणजे प्रत्येक तुकड्यामागे वेगळे जीव आधीपासूनच होते, तो मला अनुमानाच्या पलीकडचा वाटतो; सुरी पडण्याआधी ते वेगळे होते याची खूण कुठे दाखवता येत नाही. पण प्रश्न त्यांनी बरोबर जागी धरला आहे: जे कापून अनेक होते, त्याला आधी एक कशावरून म्हणायचे?

मला सर्वांत जवळचे वाटते ते बौद्ध भिक्षू नागसेनाचे उत्तर. 'मिलिंदप्रश्नां'त यवन राजा मिलिंद त्याला विचारतो, पुन्हा जन्मणारा तोच असतो की दुसरा? तोही नाही, दुसराही नाही, असे नागसेन म्हणतो, आणि पुढे, केलेल्या कर्मातून सुटका नसते हे दाखवायला, आंब्याची गोष्ट सांगतो. चोराने आंबे चोरले; पकडल्यावर म्हणाला, मालकाने पेरले ते आंबे वेगळे, मी तोडले ते वेगळे. राजा त्याला सोडणार का? नाही, कारण हे आंबे त्या आंब्यांमुळेच झाले. तेच असणे आणि काहीच संबंध नसणे यांच्या मधे 'त्याच्यामुळे असणे' अशी एक जागा आहे, आणि डेलियाचा गड्डा बरोबर तिथे बसतो. ही जागा सुखाचीच असेल असेही नाही. मोझेक नावाचा विषाणू डेलियात शिरला की पानांच्या शिरांलगत पिवळटपणा येतो, झाड खुजे राहते, आणि त्या गड्ड्याच्या प्रत्येक तुकड्यात रोगही वाटला जातो. पुढे आलेले झाड तेच नव्हे, पण मागच्याचे भोग त्याला चुकत नाहीत. कर्मविपाक समजून घ्यायला मला हे पुरेसे वाटते; त्यासाठी न बदलणारा भोक्ता मानण्याची गरज उरत नाही.

या दृष्टीने पाहिले की आणखी एक गोष्ट दिसू लागते, आणि आत्म्याच्या भाषेत ती झाकली जाते. गर्द पानांची, लालभडक फुलांची 'बिशप ऑफ लँडाफ' ही डेलिया १९२४ साली कार्डिफमध्ये निघाली आणि आजही जगभरच्या बागांत आहे. तिच्या आत टिकण्याचे सामर्थ्य होते म्हणून ती टिकली, हे अर्धेच उत्तर. थंड देशांत ती शंभर वर्षे टिकली ती दर शरदात कुणीतरी ती उपसली, सुकवली, चिठ्ठी बांधून ठेवली आणि वसंतात कापून शेजाऱ्याला दिली म्हणून. यातली एक पिढी जरी सगळीकडे एकाच वेळी आळसावली असती तर तिचे आतले सामर्थ्य काही कामाचे नव्हते. टिकणे हा वस्तूचा गुण नसून वस्तू, ऋतू आणि हात यांच्यातला व्यवहार आहे. यावर पिओनी पुढे केली जाईल. १८५१ साली फ्रान्समध्ये निघालेली 'फेस्टिव्हा मॅक्सिमा', पांढऱ्या पाकळ्यांवर मधेच लाल शिंतोडे असलेली, आजही विकली जाते. आणि पिओनीचे एकेक झाड एकाच जागी पन्नास वर्षे, कधी त्याहूनही जास्त, कुणी हात न लावता फुलते. मग तिला कुणाची गरज आहे? तिला हिवाळ्याची गरज आहे. उबदार मुलखात नेऊन कितीही मायेने वाढवली तरी ती फुलणार नाही. डेलियाला हात लागतात, पिओनीला थंडी लागते; केवळ स्वतःच्या बळावर परतणारे या बागेत काही नाही.

एक आक्षेप असा येईल की झाडाला आठवण नाही, 'मी' नाही. मग झाडावरून माणसाबद्दल बोलायचेच कशाला? हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. पण तो दोन्हीकडे कापतो. झाडावरून माणसाचा पुनर्जन्म नाकारता येत नाही, तसा तो सिद्धही करता येत नाही. ज्याला तो मानायचा आहे त्याने शब्दप्रामाण्य मांडावे, योग्यांचा अनुभव मांडावा, किंवा जगात न्याय असेल तर केलेल्याचे फळ कुठेतरी मिळायलाच हवे, हा युक्तिवाद मांडावा. यांतले शेवटचे मला सर्वांत विचारणीय वाटते आणि ते इथे खोडून काढल्याचा माझा दावा नाही. याज्ञवल्क्यही सभेला निरुत्तर केल्यावर झाडाची उपमा सोडूनच विज्ञान आणि आनंद अशा ब्रह्माकडे गेला. मुळाचे उत्तर त्याने झाडात शोधले नाही.

दुसरा आक्षेप बुद्धीचा नाही, दुःखाचा आहे, म्हणून त्याला अधिक जपून उत्तर द्यायला हवे. घरात मृत्यू झाला आहे, अंगणात कोंब वर आला आहे, आणि कुणी म्हणते, बघ, काही संपत नसते. हा आधार हिरावून तुम्ही काय मिळवता? एक तर हे आठवावे की आपल्या परंपरेने परतण्याला बहुधा आधार मानलेले नाही. योगसूत्रांच्या व्यासभाष्यात मुक्ताचे क्लेश भाजलेल्या बीजासारखे म्हटले आहेत, पुन्हा न उगवणारे. ज्ञानेश्वरांनीही पंधराव्या अध्यायात संसाराचा वृक्ष पालवतो म्हणून आनंद मानला नाही, तो तोडायला सांगितला. परत येण्याचा दिलासा आपला कमी आणि बर्फाच्या मुलखातल्या वसंताचा जास्त आहे. पण शास्त्रात काय आहे हे सांगून दुःख हलके होत नाही, हेही खरे. मला भीती वेगळीच वाटते. कंद परत आला म्हणून ज्याने माणूस परत येईल असे मानले, त्याचा कंद एखाद्या वर्षी कुजतो, आणि तेव्हा त्याला तोच माणूस दुसऱ्यांदा गमवावा लागतो.

आणि खोटा दाखला न देताही सांगण्यासारखे काही उरते. पुष्कळ घरांत गेलेल्या आईची डेलिया लेकीच्या अंगणात असते. ती डेलिया म्हणजे आई नव्हे, आणि आईच्या वेळची तीच डेलियाही नव्हे. तिच्यातला एकही कण आईच्या हाताखालून गेलेला नाही. पण आईने उपसली नसती तर ती आज नसती, आणि आईने दाखवले नसते तर डोळा कुठे शोधायचा हे लेकीला कळले नसते. आईमुळे झालेले असे ते काम लेकीच्या हातून पुढे चालते. यात आई परत येत नाही. पण आईचे जे या जगात खरोखर उरले आहे त्यातले काही इथे आहे, आणि ते उरावे की नाही हे अंशतः लेकीच्या हातात आहे. म्हणून तिने फुले असतानाच प्रत्येक झाडाला रंगाची चिठ्ठी बांधावी; पाने काळी पडल्यावर तांबडी कोणती आणि पिवळी कोणती, हे कंदावरून ओळखता येत नाही.